सोफा आधी झाकला

पाऊस चार वाजून सदतीस मिनिटांनी सुरू झाला. कागदावर चार एक्केचाळीस लिहिलं आहे. मधली चार मिनिटं माझी होती आणि ती मला कुणी परत दिली नाहीत. आता केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी रागावायचं नाही म्हणून बजावलंय, पण ती चार मिनिटं आठवली की माझा आवाज आपोआप चढतो आणि स्वयंपाकघरातून सून विचारते, "आई, कुणाशी बोलताय?" कुणाशी नाही गं बाई. सोनटक्केसरांशी बोलतेय. ते जाऊनही पुष्कळ दिवस झाले, पण आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आम्ही तेव्हा शहराच्या एका टोकाला, गारखेड्यात राहायचो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यांच्या डोक्यावर गच्ची. अप्पा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कंपनीत लेथवर होते. मूळचे देवगाव रंगारीचे, पण शेताकडे त्यांचं मन कधी रमलं नाही; ते धाकट्या भावावर सोपवून अप्पा लोखंडाच्या मागे शहरात आले. त्यांच्या अंगाला कटिंग ऑइलचा एक वास कायम असायचा, आंघोळ केली तरी जायचा नाही, आणि मला तो आवडायचा. बोलणं मोजकंच. एखादी वस्तू हातात घेतली की आधी तिला उलटी करून खालून बघायचे. नवीन पातेलं आणलं तरी तसंच. आई म्हणायची, "ह्यांनी लग्नात मला बी उलटं करून बघितलं असतं, माणसं व्हती म्हणून ऱ्हायलं."

रिमोटची गाडी म्हटलं की लोकांना जत्रेतलं खेळणं आठवतं. आमची गाडी मांजराएवढी होती आणि स्कूटरला मागं टाकील अशी पळायची. मातीच्या ट्रॅकवर उंचवटे केलेले असतात. गाडी त्यांवरून हवेत उडते, खाली पडते, पुन्हा पळते. चालवणारे सगळे एका लोखंडी मचाणावर ओळीने उभे राहतात, हातात रिमोट घेऊन. आणि वळणावळणावर माणसं उभी असतात, त्यांना मार्शल म्हणतात. गाडी उलटली की पळत जाऊन ती सरळ करायची, एवढंच त्यांचं काम. आमच्याकडची पद्धत अशी की ज्याची गाडी शर्यतीत, त्याने घरातला एक माणूस वळणावर द्यायचा. आमच्या घरून अप्पा जायचे. त्यांना नेहमी शेवटचं वळण मिळायचं, तिथून पुढे सरळ पट्टा आणि मग रेषा.

गाडी आम्ही दोघांनी बनवली होती. मोटार आणि बॅटरी विकतची, बाकी खालची पट्टी, दांडे, चाकांचे तुंबे सगळं अप्पांनी साहेबांना विचारून भंगारातलं अॅल्युमिनियम घेऊन लेथवर केलं. दोन वर्षं लागली. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका बाजूला आईचं पोळपाट आणि दुसऱ्या बाजूला आमचे स्क्रू. पिठात नट सापडला की आई तो पुसून खिडकीत ठेवायची. मग एक दिवस तिने त्या सगळ्या नटांची ओळच आमच्या ताटांभोवती मांडली, रांगोळीसारखी.

त्या एप्रिलमध्ये माझी वयोमर्यादा संपत होती. लहान गटात माझं ते शेवटचं वर्ष, आणि शहरातून राज्याच्या संघात एकच जागा. जो पहिला येईल तो जाणार. मोठ्या गटाच्या गाड्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या, हे मला ठाऊक होतं आणि अप्पांनाही. म्हणजे त्या रविवारी जिंकले तर पुढे, नाहीतर तिथेच सगळं संपलं.  शनिवारी अप्पांनी गाडी तीन वेळा खोलली आणि तीन वेळा जोडली.

नेमका तोच रविवार आईने कुरडयांसाठी धरला होता. काकांनी देवगावहून पाठवलेला गहू तीन दिवस भिजत होता, सगळ्या घराला त्याचा आंबूस वास येत होता. पहाटेच तिने चीक शिजवायला घेतला. मोठ्या पातेल्यात लाकडी पळीने घोटताना तिच्या बांगड्यांचा एकसारखा आवाज यायचा, आणि चीक शिजत आला की फदफद असा जाड आवाज. त्यातला वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून तिने मला दिला. मी वाटी बाजूला सारली. "खा गं," ती म्हणाली, "रिकाम्या पोटी हात थरथरत्यात." मी खाल्ला. नऊ वाजता आम्ही निघालो तेव्हा ती शेजारच्या काकूंना घेऊन गच्चीवर जुन्या लुगड्यांवर सोऱ्याने कुरडया घालत होती. पांढरीशुभ्र चक्रं, एकाला एक लागून. वरून ओरडली, "ढग बघत ऱ्हा हं, मोबाइलवर दाखवत्यात."

खरंच दाखवत होते. दुपारनंतर वादळ, गारा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, छावणीच्या अलीकडच्या त्या मैदानावर पोचल्यावर अप्पांनी पहिलं काम केलं ते सोनटक्केसरांकडे जाण्याचं. सर मुख्य पंच. एका शाळेत खेळाचे शिक्षक, कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत कशालाही पंच म्हणून बोलवत, आणि गळ्यात शिट्टी कायम, लग्नातसुद्धा. अप्पा म्हणाले, "सर, दुपारून आभाळ येणार म्हणत्यात. शेवटची शर्यत दोनलाच उरकून घेता का?"

"पाहुणे पाचला आहेत," सर म्हणाले. "फायनल साडेचारला. म्हणजे बक्षीस समारंभाला लोक जागेवर असतात."

"पण पाऊस..."

"ताडपत्र्या आणल्यात ना दोन. तुम्ही वळण सांभाळा."

ताडपत्र्या होत्या खऱ्या. निळ्या, कोऱ्या, घडी न मोडलेल्या. एक ट्रॅकच्या उंचवट्यांसाठी आणि एक आमच्या मचाणावर टाकण्यासाठी. मांडवात पाहुण्यांसाठी कुठल्याशा मंगल कार्यालयातून पांढऱ्या अभ्र्याचा सोफा आणला होता, त्यावर क्लबचे अध्यक्ष बसून मोबाइल बघत होते. त्यांचा पुतण्या सोहम माझ्याच गटात होता. त्याची गाडी परदेशी होती, सगळी विद्युत यंत्रणा बंद डब्यात, पाण्याच्या टबात बुडवली तरी चालणारी. मुलगा वाईट नव्हता. मला एकदा त्याने स्वतःचा स्क्रू काढून दिला होता.

आमच्या गाडीला पावसापासून वाचवायचा आमचा उपाय म्हणजे फुगा. रिमोटचे इशारे पकडणारी छोटी डबी वाढदिवसाच्या फुग्यात घालायची आणि तोंड रबराने बांधायचं. पण मोटारीला वीज सोडणारा जो डबा असतो तो तापतो. त्याला फुगा घातला तर जळून जातो. तो उघडाच ठेवावा लागायचा. कोरड्यात आमची गाडी कुणाला पुढे जाऊ देत नव्हती, पण चांगल्या पावसात ती दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त टिकणार नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही. सकाळच्या तपासणीत त्यांनीच तो लाल फुगा बघून विचारलं होतं, "हॅपी बर्थडे का?"

मांडवाच्या खांबावर नियमांचा कागद चिकटवलेला होता. सातवा नियम मला आजही पाठ आहे: पाऊस सुरू होताच मुख्य पंचांनी शर्यत थांबवावी, निम्मी वेळ झालेली असेल तर त्या क्षणाचा क्रम अंतिम धरावा. शर्यत बारा मिनिटांची. म्हणजे सहा मिनिटांनंतर पाऊस आला तर तेव्हा जो पुढे तो जिंकला. यात न समजण्यासारखं काय आहे? पाचवीतल्या मुलाला द्या, तो शिट्टी वाजवील.

साडेचारला शर्यत सुटली. पहिल्या चकरेतच मी पुढे गेले. त्या गाडीचं मी काय सांगू, ती माझ्या बोटांचं आधीच ऐकायची. चार एकतीसला खाली अप्पांचा फोन वाजला. आई होती. अप्पांनी वळणावरूनच मांडवाकडे हात करून आरोळी दिली, "सर! गारखेड्यात पडायला लागला! गारा हैत म्हणत्यात!" सरांनी हात वर करून ऐकल्याची खूण केली. पाच-सात मिनिटांत हे आभाळ आपल्यावर येणार, एवढं कळायला वेधशाळा लागत नाही. पण सर खुर्चीवरून उठून ट्रॅककडे आले नाहीत, मांडवात गेले.

चार छत्तीसला निम्मी वेळ झाली. मी पुढे होते, सोहम अर्धी चक्कर मागे. चार सदतीसला माझ्या हातावर पहिला थेंब पडला, मोठा, थंड. आणि दुसऱ्याच श्वासाला सरीच्या सरी, मग गारा. मचाणाचं लोखंड ताडताड वाजायला लागलं. मी डोळे गाडीवरून न हलवता शिट्टीची वाट बघत होते. शिट्टी वाजली की मी जिंकले. इतकं सोपं होतं ते. मी मनात म्हणत होते, वाजवा, सर, वाजवा ना.

शिट्टी वाजेना म्हणून मी एकदा मांडवाकडे बघितलं. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. क्लबचे चार पदाधिकारी एका ताडपत्रीची चार टोकं धरून सोफा झाकत होते. अगदी निगुतीने, अभ्र्याला चिखल लागू नये म्हणून पाय जपून टाकत. दुसरी ताडपत्री ट्रॉफ्यांवर आणि पाहुण्यांच्या हारांवर गेली. आणि सोनटक्केसर मधोमध उभे, शिट्टी तोंडात. तोंडात! फुंकायची तेवढी बाकी. ते आभाळाकडे बघत नव्हते. चकरा मोजणाऱ्या संगणकाचा फलक लावला होता, त्याच्याकडे बघत होते. मग अध्यक्षांकडे. अध्यक्षही फलकाकडेच बघत होते.

दुसऱ्या वळणावर सलीमभाई होते, आमच्याच गटातल्या एका मुलाचे वडील, छावणीत त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. डोक्यावर प्लास्टिकची बादली उलटी घेऊन ते ओरडले, "अरे सर, गारां पड रै! अब तो रोको! बच्ची की गाडी डूब रई!" 

चौदावी चक्कर पूर्ण करून मी रेषा ओलांडली आणि पहिल्या वळणावर गाडीने एक आचका दिला. माझ्या बोटांना कळलं. उघड्या डब्यात पाणी गेलं होतं. ती हळू झाली, थोडी धुगधुगली आणि चिखलात उभी राहिली. मी रिमोटचा खटका दाबत राहिले, दाबत राहिले. मागून सोहमनेही चौदा पूर्ण केल्या, पण माझ्यानंतर; म्हणजे अजूनही मीच पुढे. त्याला पंधरावी पूर्ण करायची होती. एक चक्कर. आणि शेवटच्या वळणावर त्याची गाडी घसरली, कडेच्या पाइपावर आदळली आणि उलटी झाली. अप्पांच्या पायाशी.

चारही चाकं वर करून ती गरगरत होती. मी मचाणावरून किंचाळले, "अप्पा, ऱ्हाऊ द्या!"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला खात्री आहे, बघितलं. गारा त्यांच्या टकलावर फुटत होत्या. मग ते वाकले, सोहमची गाडी उचलली, सरळ करून ट्रॅकवर ठेवली आणि मागे सरून पुन्हा आपल्या जागी उभे राहिले. गाडी सरळ पट्ट्यावरून चिखल उडवत गेली, रेषा ओलांडली, आणि शिट्टी वाजली. मी पुढचं काही सांगत नाही, एवढंच सांगते: रेषा ओलांडली आणि शिट्टी वाजली.

लेखी हरकत दहा मिनिटांत द्यायची असते. भिजल्या कागदावर पेन उमटेना म्हणून मी सलीमभाईंच्या पाठीवर वही ठेवून लिहिलं. सरांच्या टेबलावर निकालाचा कागद तयार होता: पाऊस सुरू, चार एक्केचाळीस, शर्यत थांबवली, चार एक्केचाळीस, प्रथम, सोहम. अक्षर सुंदर होतं सरांचं. मी अप्पांचा फोन पुढे केला. "सर, आईचा फोन चार एकतीसला आलाय. गारखेड्यात तेव्हाच सुरू झालावता. अप्पांनी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हात केला."

सरांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "हे बघ बाळ, गारखेड्यातला पाऊस गारखेड्यात. छावणीतला छावणीत. इथला पाऊस कधी सुरू झाला ते मुख्य पंच ठरवणार."

"पण पाऊस तुमच्या अंगावर पडतच होता ना!"

"तुरळक होता. तुरळक म्हणजे पाऊस नव्हे."

कुणी विचारील, तेव्हा तर सगळ्यांच्या हातात मोबाइल, व्हिडिओ नव्हते का? होते की. सलीमभाईंच्या बायकोने सगळं टिपलं होतं, सोफ्यासकट. सर म्हणाले, असलं चित्रीकरण आमच्या नियमात पुरावा म्हणून धरत नाहीत. सातवा नियम मोडताना ज्यांना नियम आठवला नाही, त्यांना हा नियम मात्र लगेच आठवला. मी टेबलावर हात आपटला. एक पदाधिकारी म्हणाला, "मुलीच्या जातीला इतका संताप बरा नव्हे." त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, त्याचं नशीब. सोहम अंतरावर उभा होता. माझ्याशी नजर मिळाली तेव्हा त्याचे ओठ हलले, पण त्याचे काका शेजारी होते, आणि त्याने मान खाली घातली. पाहुणे साडेपाचला आले. कोरड्या सोफ्यावर बसले.

अप्पांनी स्कूटर काढली. मी मागे बसले, मांडीवर मेलेली गाडी. घरी आलो तर दोन्ही खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर, फ्रिजवर, माझ्या अभ्यासाच्या टेबलावर सगळीकडे ओल्या लुगड्यांवर अर्धवट वाळलेल्या कुरडया, आणि वर दोन्ही पंखे सुसाट. निम्म्या तर पुन्हा चिकाचा गोळा झाल्या होत्या. आईने आमचे चेहरे बघितले आणि एका खुर्चीवरच्या कुरडया उचलून मला जागा केली.

मी बसले नाही. "तुम्ही उचललीच का?" मी अप्पांना म्हणाले.

"उलटी पडली व्हती."

"कुणाची हाय ते दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं की."

"मग? मी ओरडले ते ऐकू नाय आलं?"

"आलं." ते मोजे पिळत होते. "पल्ले, मी तिथं तुझा बाप म्हणून नव्हतो उभा. वळणावर व्हतो."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिणार नाही. आई मध्ये पडली, "अगं, त्यांनी काय केलंय, त्या शिट्टीवाल्याला बोल." पण शिट्टीवाला माझ्या हाताशी नव्हता आणि अप्पा होते. महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पुढे पुष्कळांनी हा प्रसंग ऐकून अप्पांचं कौतुक केलं, असा बाप मिळायला भाग्य लागतं वगैरे. लागत असेल. मला त्या दिवशी शिट्टी वाजवणारा पंच हवा होता आणि उभा राहणारा बाप हवा होता. दोन्ही नाही मिळाले. ते बरोबर होते, हे मला त्याच रात्री कळलं होतं. त्यानेच जास्त चीड आली. सगळ्या मैदानात नियम पाळणारा एकच माणूस, आणि त्याचा फटका मलाच बसावा?

राज्याच्या संघात सोहम गेला. मी डिप्लोमाला गेले, नोकरी केली, लग्न केलं, आणि त्या मैदानाकडे फिरकायचं नाही असं ठरवून काही वर्षांनी परत गेलेच. शिकवायला लागले, मग पंच झाले. लोकांना सांगायचे, मी का पंच झाले माहीत आहे? पहिल्या थेंबाला शिट्टी वाजवायला. फार अभिमानाने सांगायचे.

एका रविवारी ती वेळ आली. शेवटची शर्यत, निम्म्याहून जास्त वेळ झालेली, आणि माझ्या मनगटावर थेंब पडला. माझी विद्यार्थिनी, मी तीन वर्षं घडवलेली, दुसऱ्या क्रमांकावर होती. पुढच्या मुलाच्या अगदी मागे, आता गाठते की मग गाठते. शिट्टी माझ्या तोंडात होती. आणि माझे डोळे वर आभाळाकडे गेले नाहीत, फलकाकडे गेले. मी स्वतःला सांगितलं, तुरळक आहे. सरांनी वापरला होता तोच शब्द. तिने गाठलं, पुढे गेली, रेषा ओलांडली, तेव्हा मी फुंकली. किती वेळ गेला असेल? दोन चकरा. कुणाच्या लक्षात आलं नाही, हरकत आली नाही. मी कागदावर वेळ लिहिली. माझंही अक्षर चांगलं आहे.

अप्पा तेव्हा फार थकले होते, पण शर्यत असली की त्यांना घेऊन जावंच लागायचं. शेवटच्या वळणावर खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर छत्री. संध्याकाळी आम्ही गारखेड्याच्या घरीच जेवायला बसलो. आईने कुरडया तळल्या होत्या. अप्पांनी एक ताटात घेतली आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "पल्ले, आज पाऊस कितीला सुरू झाला गं?"

मी कागदावरची वेळ सांगितली.

"बरं," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी ताटातली कुरडई उलटी करून बघितली.